महिनाभर मुंबईत? गणितासाठी?

परवा पापडांसाठी माहेरी, ब्राह्मणपुरीला गेले होते. अंगणात आम्ही सहा-सात जणी लाटत बसलेलो. वहिनी हळूच म्हणाली, ‘‘ताई, तुम्हीच समजवा हिला. महिनाभर मुंबईला जायचं म्हणते. कशाला, तर गणिताच्या शिबिराला!’’

भाची जळगावला एम.एस्सी. करते. शिबिराचा विषय भूमिती आणि टोपॉलॉजी. निवडही झालेली, फक्त घरचा होकार बाकी. ‘‘म्हणजे गं काय?’’ मी विचारलं. तिनं पिठाची लाटी उचलली. ‘‘आत्या, हिचा लाडू कर, पापड कर, पण न फाडता, न जोडता बांगडी होईल का? नाही! कानवाल्या कपाची मात्र बांगडी होते, कारण दोघांत भोक एकच. ही टोपॉलॉजी.’’

मग माझ्या पापडाची लहरी कड दाखवून म्हणाली, ‘‘कडेला लाटणं जास्त फिरलं, तिथं पीठ जास्त पसरलं, म्हणून ती सपाट बसत नाही. ही भूमिती.’’ ब्लाउजला टक्स का घालावे लागतात, तेही यातच आलं. सपाट कापड गोलाईवर नीट बसत नाही. गाउस या जर्मन गणितज्ञानं १८२७ साली हेच सिद्ध केलं. म्हणून तर पृथ्वीचा नकाशा कागदावर तंतोतंत उतरत नाही.

मैत्रिणींनो, जे आपल्या हातांना रोज कळतं, ते आपल्या मुलींच्या डोक्याला झेपणार नाही, असं कुणी ठरवलं? डॉ. मंगला नारळीकरांनी संसार आणि तीन मुली सांभाळून १९८१ साली गणितात डॉक्टरेट मिळवली. इराणच्या मरियम मिर्झाखानीला २०१४ मध्ये फील्ड्स पदक मिळालं. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. वक्र पृष्ठभागांचा अभ्यास करताना ती जमिनीवर मोठमोठे कागद पसरून आकृत्या काढायची. तिच्या छोट्या लेकीला वाटायचं, आई चित्रंच काढतेय!

आयआयटी मुंबई आणि टीआयएफआर यांचं मिळून नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्स आहे. देशभरच्या एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या मुलामुलींसाठी ते अशी शिबिरं भरवतं. सकाळी व्याख्यान, दुपारी गणितं सोडवायची, अडलं तर शिक्षक शेजारीच. निवड झालेल्यांच्या राहण्या-जेवणाची सोय होते. छोट्या गावच्या मुलीला एरवी असे शिक्षक आणि अशी सोबत कुठून मिळायची?

काळजी वाटणारच. मग प्रश्न विचारा ना! मुलींचं वसतिगृह वेगळं आहे का? रात्री फोन कुणाला करायचा? प्रवासखर्च मिळतो का? उत्तरं मिळेपर्यंत ‘नाही’ म्हणू नका. माझ्या वेळी एका शिबिराला घरून ‘नको’ आलं. मी गप्प बसले. पुढे कुणी बोलावलंच नाही.

त्या रात्री दादानं निवडीचं पत्र दोनदा वाचलं, दिलेल्या नंबरावर स्वतः फोन लावला. वहिनी अजून धास्तावलेलीच आहे. पण होकार गेला. नंदुरबार स्टेशनपर्यंत सोडायला मी जाणार आहे. डब्यात तेच लहरी कडेचे पापड देईन म्हणते.