स्ट्रोकर इंजिन : धडा वेगाचा नव्हे, मोजमापाचा

इंजिनाची ताकद वाढवण्याचा एक जुना मार्ग म्हणजे पिस्टनची धाव लांबवणे. ब्लॉक तोच ठेवून अधिक धावेचा क्रँकशाफ्ट बसवला, की झाले ‘स्ट्रोकर’ इंजिन. अमेरिकेतील हौशी मंडळी घरच्या गॅरेजमध्ये अशी इंजिने अनेक दशके बांधत आली आहेत. आपल्याकडे हा वेगवेड्यांचा छंद समजला जातो. माझ्या मते मात्र यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला याहून चांगला धडा क्वचितच मिळेल.

शेव्हरोलेच्या ३५० घन इंची व्ही-८ इंजिनाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्याची धाव ८८.४ मिलिमीटर. त्याच कुळातील ४०० घन इंची इंजिनाच्या क्रँकशाफ्टची धाव ९५.२५ मिलिमीटर. हा क्रँकशाफ्ट ३५०च्या ब्लॉकमध्ये बसावा म्हणून त्याचे मुख्य जर्नल ६७.३ वरून ६२.२ मिलिमीटरपर्यंत घासतात. सिलिंडरचा बोअर ०.७६ मिलिमीटरने वाढवला, की क्षमता ५.७ वरून सुमारे ६.३ लिटर होते. हेच ते ‘३८३’.

पण एक माप बदलले की बाकीची मापे जाब विचारू लागतात. पिस्टन आता ३.४ मिलिमीटर अधिक वर जातो. म्हणून पिन वरच्या बाजूस असलेला वेगळा पिस्टन हवा. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट तितकेच अधिक बाहेर फिरतात. म्हणून ब्लॉकची कड घासावी लागते, आणि तिच्यामागे थंड पाण्याची पोकळी असते. दहनकक्षाचे आकारमान तेच राहिले, तर ९.५ हे संपीडन गुणोत्तर १०.३ च्या आसपास पोहोचते. धाव आठ टक्क्यांहून कमी वाढली, तरी रॉडची लांबी व पिस्टनचे वजन तेच असल्यास, त्याच फेऱ्यांना रॉडवरील जडत्वाचा ताण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो.

म्हणूनच सुटे भाग निवडण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी ब्लॉकला तडा नाही ना, सिलिंडरची भिंत पुरेशी जाड आहे ना, हे तपासायचे. मग क्रँकशाफ्ट, मग रॉड, शेवटी पिस्टन. होनिंगचा शेवटचा हात पिस्टन प्रत्यक्ष मोजल्यानंतरच. क्रँकशाफ्टचे संतुलनही खरी वजने हाती आल्यावरच. महागड्या भागांवर पैसा उधळून मशिनिंगवर काटकसर करणारा इंजिन नव्हे, भंगार बांधतो. मुख्य बेअरिंगमधील फट अवघी ०.०६ मिलिमीटरच्या आसपास असते. ०.०२ मिलिमीटर लघुतम मापाच्या व्हर्नियरने तिचा निवाडा कसा करणार? तिथे मायक्रोमीटर आणि बोअर गेजच हवेत.

आपल्या देशात असे इंजिन रस्त्यावर आणण्यास कायद्याची आडकाठी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत; सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. ती योग्यच आहे, कारण ब्रेक, गिअरबॉक्स आणि धुराची चाचणी मूळ इंजिन गृहीत धरूनच ठरलेली असते.

मात्र प्रयोगशाळेतील बाक म्हणजे रस्ता नव्हे. अनेक महाविद्यालयांत कापून रंगवलेले इंजिन कोपऱ्यात उभे असते आणि विद्यार्थी त्याची आकृती जर्नलमध्ये उतरवतात. त्याऐवजी चार जणांच्या गटाला एक भंगारातले इंजिन द्यावे, मोजणीची साधने द्यावीत आणि गावातल्या बोअरिंगच्या कारखान्यात पाठवावे. ‘हे सारे संगणकावर करता येते,’ असे कोणी म्हणेल. गणित येते, हे खरे. पण संगणकातला सिलिंडर नेहमी गोल असतो. झिजलेला सिलिंडर वर रुंद, खाली अरुंद आणि किंचित लंबगोल असतो. हा फरक ज्याने स्वतः मोजला, तोच पुढे कोणत्याही आराखड्यावर सही करताना क्षणभर थांबेल. ते इंजिन कधी सुरू झाले नाही, तरीही.