खांदा दाबण्याआधी

माउलींची पालखी माळशिरसला मुक्कामाला आली की वारकऱ्यांचे पाय चेपून देणारी मंडळी जागोजागी बसलेली दिसतात. पायांच्या खालोखाल गिऱ्हाईक खांद्यांना. दिवसभर पडशी, वीणा, पखवाज वागवून खांद्यांना रग लागलेली असते. कुणीतरी मागे बसून अंगठा रोवतो आणि एखादे माळकरी आजोबा 'हां, तिथंच' म्हणत डोळे मिटतात.

'तिथंच' म्हणजे कुठे? मान पुढे झुकवली की तिच्या तळाशी एक मोठा मणका हाताला लागतो. तो मणका आणि खांद्याचे टोक यांच्या मधोमध. चिनी वैद्यकात या जागेला 'ज्यानजिंग', म्हणजे खांद्यावरची विहीर म्हणतात. पित्ताशयाच्या मार्गिकेवरचा हा २१वा बिंदू. शरीरशास्त्राच्या भाषेत इथे ट्रॅपेझियस स्नायू आहे. ओझ्याने किंवा तासन्‌तास मोबाइलवर वाकून तो आखडतो आणि दाबला की सैल होतो. त्यामुळे बरे वाटते, यात खोटे काही नाही.

खटकते ते पुढचे. याच जागेवर हात न टेकवता, नुसता वरून फिरवून 'अडकलेली ऊर्जा' मोकळी केल्याचे सांगितले जाते. अमेरिकेत एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने अशा २१ उपचारकांची साधी परीक्षा घेतली होती. पडद्याआडून दोन्ही हात पुढे करायचे आणि तिचा हात आपल्या कोणत्या हाताजवळ आहे ते ओळखायचे. २८० वेळांपैकी जेमतेम ४४ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी निम्मी आली असती! १९९८ साली हे निष्कर्ष अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आले.

'बरं वाटतंय ना, मग तुमचं काय जातं?' असे मला विचारतात. माझे काही जात नाही. पण खांदा दुसऱ्याचे दुखणे स्वतःच्या नावावर सांगतो. हृदयाला रक्त कमी पडले तर कळ डाव्या खांद्यात येऊ शकते, पित्ताशय सुजले तर उजव्या. कारण आतल्या अवयवांच्या आणि खांद्याच्या संवेदना मज्जारज्जूत जवळपास एकाच ठिकाणी पोचतात आणि मेंदूची गल्लत होते. उसाची मोळी वाहणारा माणूस अशी कळ आली की 'ओझ्यानं भरून आलं' म्हणून सोडून देतो. मधुमेह असेल तर छातीत दुखेलच असेही नाही. अशा वेळी ऊर्जेच्या बैठकीत गेलेला तासभर महागात पडतो.

आणखी दोन गोष्टी. गर्भारपणात हा बिंदू दाबू नये, असे ती चिनी परंपराच सांगते. आणि इथे सुई टोचण्याचे काम प्रशिक्षित हाताचेच. खाली फुप्फुसाचे टोक असते.

चेपणाऱ्याने अंगठा टेकवण्याआधी एवढेच विचारावे: चालल्यावर कळ वाढते का? घाम, धाप, मळमळ आहे का? दुखणे हातात, जबड्यात उतरते का? यातल्या एकालाही 'हो' आले, तर हात मागे घ्यावा आणि १०८ला फोन लावावा.