बंधपत्र हवे, पण हिशेबासह

ओझरला १९६४ मध्ये 'मिग-२१' विमानांच्या निर्मितीसाठी कारखाना उभा राहिला. त्यानंतर 'मिग-२७' आले, 'सुखोई-३०' आले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथे 'तेजस मार्क-१ए'च्या उत्पादनमालिकेचे उद्घाटन झाले. असा कारखाना केवळ यंत्रांवर चालत नाही. नव्याने रुजू झालेला अभियंता प्रारंभीच्या काळात संस्थेला देतो थोडे आणि संस्थेकडून घेतो फार. तो शिकून तयार झाला की दुसऱ्याच दिवशी अधिक वेतनाच्या मागे निघून गेला, तर होणारी हानी खरी असते आणि अखेरीस ती करदात्याच्या माथी बसते. म्हणून सार्वजनिक उद्योगांत ठरावीक वर्षे सेवा करण्याचे बंधपत्र लिहून घेतले जाते, यात वावगे काही नाही.

वावगे आहे ते निराळेच. ज्या कंपनीत प्रशिक्षण म्हणजे आठवडाभराची तोंडओळख, तीही दोन-तीन वर्षांचे बंधपत्र पुढे करते. मुलाची मूळ गुणपत्रके ठेवून घेते, वडिलांची जामीनदार म्हणून स्वाक्षरी घेते, क्वचित कोरा धनादेशही मागते. पहिली नोकरी लागल्याच्या आनंदात घरातले कोणी ते कागद वाचत नाही. मुलाने राजीनामा दिला की वकिलाची नोटीस येते, शेवटच्या महिन्याचे वेतन अडते, कार्यमुक्तीचे पत्र मिळत नाही. मध्यमवर्गीय घराला न्यायालयापेक्षा नोटिशीचेच भय अधिक वाटते, हे कंपनीला पक्के ठाऊक असते.

कायदा काय सांगतो? या प्रश्नावरचा एक गाजलेला निवाडा आपल्या कल्याणचाच आहे. सेंच्युरी कंपनीने टायरच्या धाग्याचे तंत्र हॉलंडमधील एका कंपनीकडून गुप्ततेच्या अटीवर आणले होते. ते शिकलेला एक पर्यवेक्षक पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून राजस्थानातील कोटा येथे प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये कंपनीची बाजू उचलून धरली. कराराच्या मुदतीपुरते त्याला तेच काम प्रतिस्पर्ध्याकडे करता येणार नव्हते. मात्र सेंच्युरीकडेच परत येऊन काम कर, असे न्यायालयाने त्याला सांगितले नाही. मनाविरुद्ध चाकरी करायला लावणे आपल्या कायद्यात बसत नाही.

दुसरा निवाडा १४ मे २०२५ चा. विजया बँकेच्या (ही बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली) एका अधिकाऱ्याने तीन वर्षांची मुदत पुरी होण्याआधी २०१७ मध्ये राजीनामा दिला आणि बंधपत्रातील दोन लाख रुपये निषेध नोंदवून भरले. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने फिरवला. सार्वजनिक बँकेला जाहिरात देऊन, खुली स्पर्धा घेऊन भरती करावी लागते. अधिकारी मध्येच गेला की ती खर्चिक प्रक्रिया पुन्हा करावी लागते आणि त्याच्या पदाचे वेतन पाहता रक्कम अवाजवी नाही, असे न्यायालयाला वाटले.

निर्णय योग्यच आहे. आपल्यातील काही तरुण बंधपत्राला रद्दी समजतात, एकाच वर्षात तीन कचेऱ्या पालथ्या घालतात. त्यांच्यामुळे दुसऱ्या पात्र उमेदवाराची जागा अडते, याची त्यांना खंत नसते. पण हा निवाडा दाखवून आता ज्या खासगी कंपन्या डोळे वटारतील, त्यांनी तो पुरता वाचावा. तेथे खुल्या भरतीचा खर्च होता, बऱ्या वेतनाचे पद होते आणि बेताची रक्कम होती. पंधरा हजारांच्या नोकरीला तीन लाखांचे बंधपत्र हे त्या तराजूत कसे बसेल? १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम सांगते की करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा होय. त्या मर्यादेच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. खर्चच केला नसेल तर भरपाई कशाची?

म्हणून बंधपत्रासोबत प्रशिक्षणखर्चाचा तपशील जोडणे सक्तीचे व्हावे आणि सेवा होईल त्या प्रमाणात रक्कम घटत जावी. तीन वर्षांपैकी अडीच वर्षे राबलेल्याकडून पूर्ण दंड मागणे ही सरळ सावकारी झाली.

तोवर पालकांनी स्वाक्षरीपूर्वी कागद वाचावा, प्रत मागून घ्यावी आणि गुणपत्रकांच्या केवळ साक्षांकित प्रती द्याव्यात. मूळ कागद ओलीस ठेवण्याचा अधिकार कायद्याने मालकाला दिलेला नाही. केवळ मुदतीआधी नोकरी सोडणे हा फौजदारी गुन्हाही नव्हे. पोलिसांची धमकी आली तर ती पोकळ समजावी. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर देय वेतन दोन कामकाजी दिवसांत हाती पडले पाहिजे, हे मागायला संकोच नको.