एकादशीचा पाहुणा

सोमवार असो की चतुर्थी, वर्ध्यात चहाच्या टपरीवरही कढईत साबुदाण्याची उसळ परतली जाते. (इकडे खिचडीला उसळच म्हणायचे.) त्या कढईत एकदा नीट डोकावून पाहावे. साबुदाणा, दाण्याचा कूट, बटाटा, हिरवी मिरची. चौघांचेही मूळ अमेरिका खंडात. पोर्तुगीज येण्याआधी यांतले एकही आपल्या चुलीवर चढले नव्हते. आणि याच मातीत पिढ्यान्‌पिढ्या पिकणारी ज्वारी मात्र उपवासाला चालत नाही!

साबुदाणा हे धान्य नव्हे. ते कसाव्याच्या कंदाचे निव्वळ पिष्ट. तमिळनाडूत सेलमच्या कारखान्यांत कंद सोलून, किसून, धुऊन त्याचे पिठूळ पाणी निवळत ठेवतात. तळाशी बसलेल्या साक्याचे दाणे करून भाजतात, वाळवतात. चोथा वेगळा निघतो आणि त्याच्यासोबत कंदाचे उरलेसुरले सत्त्वही जाते. रात्री भिजवलेला दाणा सकाळी बोटाने चेपून पाहा, लगदाच हाती लागतो. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ऊर्जा सुमारे ३५० कॅलरी, प्रथिने मात्र जेमतेम ०.२ ग्रॅम. तेवढ्याच ज्वारीत ती १० ग्रॅमच्या आसपास असतात.

यात कंदाला बोल लावण्यात अर्थ नाही. एकोणिसाव्या शतकात त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले आणि पुढे टंचाईच्या दिवसांत याच कंदाने गोरगरिबांची पोटे भरली. पण मल्याळी माणूस हा कंद, म्हणजे त्याचा कप्पा, उकडून, त्याचे पाणी ओतून देऊन, मासळीच्या कालवणाशी खातो. कच्च्या कंदातले विषारी द्रव्य पाण्याबरोबर जाते आणि प्रथिनांची उणीव मासळी भरून काढते. आपल्या उसळीत हे काम कूट करतो, कारण शेंगदाण्यात प्रथिने सुमारे २५ टक्के. तरी साबुदाणा वाटीने आणि कूट चमच्याने, हेच आपले प्रमाण.

१९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे ठाणे पडले. यंत्रावर पांढरा केलेला तांदूळ नको, हातसडीचा घ्या. घाण्याचे तेल, गूळ खा, असे गांधीजी इथूनच सांगत होते. तांदळाचा कोंडा गेला म्हणून ते हळहळत. साबुदाण्यात तर कोंड्यासकट कंदच गेलेला असतो. त्याच वर्ध्यात तो आज उपवासाचा राजा आहे.

वर्षातून चार एकादश्या धरणाऱ्याचे यात काही बिघडत नाही. प्रश्न आहे तो सोमवार, चतुर्थी आणि नवरात्राचे नऊ दिवस धरणाऱ्या, घरात सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बाईचा. आधीच रक्त कमी, त्यात वरचेवर पिष्टावर दिवस काढायचा.

शास्त्र आडवे येते म्हणावे, तर शास्त्राने या चार परदेशी पाहुण्यांना पाट मांडून दिलाच आहे. भगर, राजगिरा आणि पूर्व विदर्भाच्या तलावांतला ढिवर मच्छीमारांचा शिंगाडा हे तर आजही चालतात. त्यांना फक्त पंगतीत पुढे बसवायचे आहे. आणि उसळच हवी असेल, तर येत्या सोमवारी साबुदाणा मूठभर कमी घ्या अन् कूट मूठभर जास्त. देव काही कढईतले माप मोजायला येत नाही.