टीव्हीवरची बाई माझ्याकडेच बघते

बातम्या देणारी बाई आपल्याकडे बघून बोलते, हे खोटं नाही. कॅमेऱ्याच्या भिंगासमोरच्या काचेवर अक्षरं सरकत असतात, ती वाचताना तिची नजर थेट आपल्या नजरेला भिडते. ती सोय त्यासाठीच केलेली आहे. घरोघरच्या प्रत्येकाला वाटावं, ही माझ्याशी बोलतेय. आपण ते विसरून चहा पितो. एखाद्याला मात्र ते खरं वाटायला लागतं. मग ती बाई नुसती बोलत नाही, त्याची खोली बघते, त्याचे फोन ऐकते आणि बातम्यांच्या आडून त्यालाच टोमणे मारते.

असं फक्त अडाणी किंवा कमकुवत माणसालाच होतं, असं समजणाऱ्यांना मी एव्हलिन वॉचं उदाहरण देतो. हा इंग्रजीतला नावाजलेला कादंबरीकार, आणि आमच्याच पेशातला. दुसऱ्या महायुद्धात मरीन्समध्ये आणि मग कमांडोंमध्ये अधिकारी होता, १९४१ मध्ये क्रीटच्या माघारीत होता. १९५३ मध्ये बीबीसी रेडिओने त्याच्या मुलाखती घेतल्या, त्या त्याला झोंबल्या. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला तो सिलोनला जाणाऱ्या बोटीवर चढला आणि केबिनच्या भिंतींतून त्याला आवाज यायला लागले. ते बीबीसीवाले. ते त्याच्यावर पाळत ठेवून होते, त्याची टवाळी करत होते. बोट वाटेतच सोडून तो विमानाने कोलंबोला पोचला, तर आवाजही पोचले. इंग्लंडला परतल्यावर बायको आणि एका पाद्री मित्राच्या पुढाकाराने मानसोपचारतज्ज्ञाने त्याला तपासलं. झोपेसाठी तो ब्रोमाइड आणि क्लोरल घेत असे, त्याची विषबाधा झाली होती. औषध बदललं, आवाज गेले. १९५७ मध्ये त्याने त्यावर कादंबरीही लिहिली.

यातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या दिवसांत त्याने बायकोला कळवलं होतं की, आपण वेडे झालेलो नाही, दुसऱ्यांच्या दुष्टाव्याचे बळी आहोत, हे कळून हायसं वाटलं. नीट विचार केला तर हे अगदी सरळ आहे. आपलं डोकं आपल्याला फसवतंय, यापेक्षा कुणीतरी माझ्या मागे लागलंय, हे सोसायला सोपं. शत्रू असला की निदान लढता येतं. म्हणून अशा माणसाशी वाद घालून काही हाती लागत नाही. तुम्ही त्याचा भ्रम काढून घेत असता, आणि बदल्यात त्याला त्याहून भयंकर काहीतरी देत असता.

ईशान्येतल्या एका पोस्टिंगवर आमच्या युनिटमधला एक लान्स नाईक रिक्रिएशन रूममधला टीव्ही रोज भिंतीकडे तोंड करून ठेवायचा. पोरं हसायची. एका हिंदी चॅनेलच्या निवेदिकेवरून त्याला चिडवायची, "तेरी भाभी बुला रही है." त्याने मोबाइलच्या कॅमेऱ्यावर काळी टेप चिकटवली. पुढे झोप उडाली, जेवण तुटलं. मला तो एवढंच म्हणाला, "साहब, वो लोग मेरा नाम नहीं लेते, पर बात मेरी ही करते हैं." प्लग काढून दाखवावा, असं एका ज्युनिअर अधिकाऱ्याचं म्हणणं होतं. प्लग काढून झालाही होता. त्यावर लान्स नाईकचं उत्तर तयार होतं, की आता ते बल्बमधून बघतात.

आमची अडचण अशी, की शंका घेणं हा आमचा धंदा. खडकवासल्याला कॅडेट असल्यापासून ते अंगात मुरवलेलं. जवानाला आम्हीच सांगतो, अनोळखी बाईचा मेसेज आला तर ती बाई नसेल, फोन ऐकला जात असेल. २०२० च्या जुलैत तर ८९ ॲप्स काढून टाकायला सांगितलं, त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होतं. ते योग्यच होतं. पण मग कॅमेऱ्यावर टेप लावणारा जवान शहाणा की आजारी? माझी कसोटी साधी आहे. शहाण्या शंकेला पुरावा पुरतो. फोन तपासून घेतला, काही निघालं नाही, गडी रात्री घोरतो. आजारातली शंका पुरावाच गिळते आणि आणखी फुगते.

हसण्याचं काय होतं, तेही सांगतो. ४ ऑक्टोबर १९८६ रोजी न्यूयॉर्कमध्ये सीबीएसचा प्रसिद्ध वृत्तनिवेदक डॅन रादर याला रस्त्यात मारहाण झाली. मारणारा एकच विचारत होता, "केनेथ, फ्रीक्वेन्सी काय आहे?" लोकांना गंमत वाटली, काहींना रादरच थापा मारतोय असं वाटलं. ते वाक्य थट्टेचं झालं, एका रॉक बँडने त्यावर गाणंही केलं. ते गाणं आलं १९९४ मध्ये. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला एनबीसीच्या स्टुडिओबाहेर एका तंत्रज्ञाला गोळी घालून मारण्यात आलं. टीव्हीवाले डोक्यात लहरी सोडतात, अशी मारेकऱ्याची खात्री होती आणि त्याला ती फ्रीक्वेन्सी हवी होती. रादरला मारणाराही तोच, हे १९९७ मध्ये उघड झालं. मेलेला माणूस पडद्यावर कधी दिसणाराही नव्हता.

म्हणून असा प्रत्येक आजारी माणूस धोकादायक, असं मुळीच नाही. बहुतेक जण कोपऱ्यात भिऊन बसलेले असतात. पण आमच्याकडे त्या कोपऱ्यातल्या माणसाची गार्ड ड्यूटी लागते आणि हातात रायफल येते. त्यामुळे पहिलं काम रायफल काढून घेण्याचं, तेही शिक्षा न वाटता. आमच्या सुभेदार मेजर साहेबांनी त्याला स्टोअरच्या मोजदादीला लावलं आणि त्याच्याच भाषेचा एक हवालदार सोबतीला दिला. हवालदाराने "टीव्हीत कुणी नाही" असं म्हटलं नाही, "हो, आहे" असंही म्हटलं नाही. "झोप नाही ना लागत? चल, डॉक्टरसाहेबांना झोपेचं विचारू," एवढंच म्हणाला. तो आरएमओकडे गेला तो झोपेसाठी. तिथून हॉस्पिटल.

अनेक महिने गेले. तो परत आला, लो मेडिकल कॅटेगरीत, हत्याराविना. मागच्या सुट्टीत घरच्यांनी त्याला बाबाकडे नेऊन आणलं होतं, हे तेव्हा कळलं. घरच्यांना काय बोलणार, युनिटमध्येही लोक "नाटक करतोय" म्हणतच होते. त्यामागे एक भीती असते, ती समजून घ्यायला हवी. 'शेप' मधला पहिलाच 'एस' मनाचा. तो घसरला की बढती, कोर्स, पुढची नोकरी, सगळंच अडखळतं, म्हणून जवान लपवतो आणि त्याच्यावरच्या मायेपोटी त्याचा सेक्शन कमांडरही लपवतो. ही माया महागात पडते. सुट्टीवर असलेल्यांच्या घरी निदान १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर तरी लिहून ठेवायला सांगा. फोन कुणीही करू शकतो.

आणि कमांडिंग ऑफिसर असलेल्या मित्रांना एक विनंती. जवानाला मानसोपचारासाठी पाठवताना एएफएमएसएफ-१० फॉर्म आपल्याला भरायचा असतो. तो कधीपासून झोपत नाही, काय बोलला, कुणाशी बोलणं टाकलं, हे त्याच्या शब्दांत, तारखांसकट लिहा. "वर्तणूक समाधानकारक" एवढं लिहून सही ठोकलेले फॉर्म मी पाहिले आहेत. तिकडे बसलेल्या डॉक्टरने त्यावरून काय ओळखायचं?