संगणक भंगारात काढण्याआधी हे वाचा

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण पैसा तुमचा-माझा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आपल्या गावातल्या एका वाचनालयाचे (नाव घेत नाही, कळणाऱ्याला कळेल) नऊ संगणक भंगारात निघालेत. कारण काय, तर "विंडोज १० चा सपोर्ट संपला." विक्रेत्याने एका पानाचं पत्र दिलं, समितीने मान डोलावली, नव्या नऊ मशिनींचं कोटेशन तयार!

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला हे खरंच आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था, किमान ४ जीबी रॅम आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, हेही खरं. २०११ च्या मशिनी त्यात बसत नाहीत. पण म्हणून मशीनच बाद? एसटीचा पास संपला म्हणून प्रवाशाला कोणी भंगारात घालत नाही.

माझ्या ऑफिसात २००५ चं पेन्टियम ४ आहे, ५१२ एमबी रॅमचं. त्याची हार्ड डिस्क करकर करून एकदाची गेली. त्या जागी मी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लावलं. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांच्या जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत असायचं ना, ते चौकोनी जाडसर कार्ड, तेच. एका फोटोग्राफर मित्राच्या ड्रॉवरमध्ये ४ जीबीचं पडून होतं. गंमत अशी की हे कार्ड जुन्या आयडीई हार्ड डिस्कचीच भाषा बोलतं. मध्ये फक्त पिना जुळवणारा साधा अडॅप्टर लागतो. मशीनला वाटतं, हार्ड डिस्कच आहे.

त्यावर टायनी कोअर लिनक्स टाकलंय. पडद्यावर माऊस फिरवता येईल अशी त्याची आवृत्ती अवघी २३ एमबीच्या आसपास. सकाळी व्हॉट्सॲपवर येणारे काही व्हिडिओ याहून मोठे असतात! चालू करताना ही प्रणाली कार्डावरून उचलून रॅममध्ये बसते आणि मग कार्डावर फारसं काही लिहीतच नाही. फ्लॅशवर सतत लिहिलं की ते झिजतं, म्हणून हे बरं. (स्वॅप तेवढा कार्डावर ठेवू नका.) मधेच लाइट गेली तरी प्रणाली बिघडत नाही, पुन्हा चालू केलं की कोरी करकरीत उभी. जे टिकवायचं ते मात्र बॅकअपमध्ये आठवणीने टाकावं लागतं, नाहीतर गेलं.

आणि सार्वजनिक संगणकाला नेमकं हेच हवं असतं. आज वाचनालयाच्या कुठल्याही मशीनचा डेस्कटॉप बघा. परीक्षेचे फॉर्म भरायला आलेल्या पोरापोरींची आधार कार्डं, मार्कशीट, जातीचे दाखले, सह्यांचे फोटो, सगळं उघड्यावर पडलंय. प्रणाली रॅममध्ये चालली तर मशीन बंद केलं की हे सगळं साफ. आता त्याच हार्ड डिस्का मशिनींसकट भंगारवाल्याकडे चालल्यात. डेटा पुसायचा का, हे कोणी विचारलेलंसुद्धा नाही. समितीतल्या एकाही माणसाला यात काही वावगं वाटू नये, याचा मला खरा राग आहे.

आता खोटं बोलत नाही. माझ्या पेन्टियमवर आजचा ब्राउझर धड चालत नाही. मी त्यावर युनिकोडमध्ये बातम्या टाइप करतो, बस्स. पण वाचनालयाच्या मशिनी माझ्या मशीनपेक्षा सहा वर्षांनी तरुण आहेत. त्यांना कॉम्पॅक्ट फ्लॅश शोधायचीही गरज नाही, पेनड्राइव्हवरून चालतील. रॅम २ ची ४ जीबी केली की फॉर्म, हॉल तिकीट, पेपर वाचणं, सगळं होतं. अंगठा घेणारी काही यंत्रं आणि जुन्या फॉन्टची डीटीपी सॉफ्टवेअरं विंडोजच मागतात, मान्य. त्यासाठी एक नवं मशीन घ्या. एक. नऊ नाही.

"लिनक्स सांभाळणार कोण?" असं एका सदस्याने मला विचारलं. अहो, विंडोज तरी कोण सांभाळत होतं? दर चार महिन्यांनी फॉरमॅट मारून बिल लावायचं, याला सांभाळणं म्हणतात का? केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर चालतात, तिथली पोरं काही मागे राहिली नाहीत.

येत्या शनिवारी समितीची बैठक आहे. सभासदांनो, वर्गणीची पावती घेऊन या आणि लेखी विचारा: नऊपैकी किती मशिनी खरोखर बंद पडल्यात? तपासल्या कोणी? ज्याने तपासल्या, कोटेशनही त्याचंच आहे का? मी पेनड्राइव्ह घेऊन येतोय. एक मशीन दहा मिनिटं द्या, सगळ्यांसमोर चालवून दाखवतो. आणि काहीही ठरो, त्या हार्ड डिस्का आधी काढून कुलपात ठेवा. माझ्या पुतणीचा जातीचा दाखलाही त्यातच आहे.