बदकांनी टिपलेली पोरं

सहा वर्षांच्या नातीला गोष्ट हवी होती, पण अट अशी की "शहाण्या मुलाची नको". म्हणून विल्हेल्म बुशचं 'माक्स आणि मोरित्स' काढलं. जर्मनीतलं, 1865 सालचं, चित्रं आणि यमकांत रचलेलं पुस्तक. दोन कार्टी, सात उचापती.

पहिल्या दोनच बघा. बोल्टे नावाच्या विधवेच्या तीन कोंबड्या आणि एक कोंबडा. पोरं दोऱ्यांची फुली बांधून चारी टोकांना पावाचे तुकडे लावतात. पाखरं तुकडे गिळतात, गुंततात, भेदरून उडतात आणि फांदीला लटकून मरतात. बाई डोळे पुसत त्यांना भाजायला ठेवते, तर ही दोघं छपरावर चढून धुराड्यातून गळ सोडतात आणि भाजलेल्या कोंबड्याही ओढून घेतात. मार खातो बाईचा कुत्रा. नात खिदळत होती. मी जरा चपापलोच.

आपल्याकडच्या गोष्टींत असं पोर सापडत नाही. ताम्हनकरांचा गोट्या, भागवतांचा फास्टर फेणे. उपद्व्यापी खरे, पण मनाने लख्ख. साने गुरुजींच्या श्यामचं काही चुकलं, की आई चार शब्द सांगते आणि तो विरघळतो. मुलांना आपण खोडकर व्हायची मुभा देतो, दुष्ट व्हायची नाही. मुंगळ्याचा पाय तोडून तो कसा चालतो हे निरखणारं पोर आपल्या गोष्टींत येत नाही. घरोघरी मात्र असतं.

बुशची पोरं शेवटपर्यंत पस्तावत नाहीत. शेतकऱ्याची धान्याची पोती फाडताना सापडतात, तो त्यांनाच पोत्यात कोंबून गिरणीत नेतो. त्यांचा भरडा होतो आणि तो गिरणीवाल्याची बदकं टिपून खातात. गावात कुणालाच हळहळ नाही; जो तो सुटकेचा निःश्वास टाकतो. याला लोक धाकाची गोष्ट म्हणतात. मला तसं वाटत नाही. भरडलेल्या पोरांवर समाधानाने मान डोलावणारं गाव मला कोंबड्यांच्या प्रकारापेक्षा भयंकर वाटतं, आणि बुशची तिरकी नजर त्या गावावरच आहे, असा माझा पक्का वहीम आहे.

बदकांपाशी नातीचं हसू थांबलं. म्हणाली, "आजोबा, त्यांची आई कुठे होती?"

मी पुस्तक पुन्हा चाळलं. सातही उचापतींत त्या पोरांच्या आईबापांचा कुठेच उल्लेख नाही.